मेटल डिटेक्टरचा हात सुधारायचाय? मोबाईल बांधावर लावा

शेजारच्या मळ्यातल्या काकूंच्या मंगळसूत्राचा दोरा श्रावणात हळद भांगलताना तुटला. काळे मणी ओच्यात गोळा झाले, एक वाटी हाताला लागली, दुसरी गेली. मी तेव्हा नुकतंच मेटल डिटेक्टर घेतलं होतं. दोन संध्याकाळी त्या सात सऱ्या मी फिरून काढल्या आणि सांगितलं, "काकू, इथं नाही. वाटेत कुठंतरी पडली असेल." काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला. घरापर्यंतची पायवाट त्यांनी हातानं चाचपली, विहिरीजवळचा गाळ चाळला. फाल्गुनात हळद काढताना वाटी तिसऱ्या सरीतच निघाली, गड्ड्याच्या मुळ्यांत अडकलेली, जेमतेम चार बोटं खोल.

मशीन चांगलं होतं. तेवढ्या खोलीवरची वाटी त्याला कळायलाच हवी होती. चूक हाताची होती आणि ती मला कळली नाही, कारण मशीन चालवताना आपलं लक्ष कानाकडं आणि स्क्रीनकडं असतं. हात काय करतोय हे आपल्याला दिसत नाही. आपल्याला वाटतं कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, जमिनीला धरून चाललीय आणि ती वीतभर वर गेलेली असते.

सापडलेली वस्तू स्वतःच साक्ष देते. पण "इथं नाही" हे आपल्याला हाताच्या भरवशावर बोलावं लागतं आणि समोरचा माणूस त्यावर पुढचं ठरवतो. ते खात्रीनं बोलता यावं म्हणून मी स्वतःचं शूटिंग करायला लागलो. सांगली-साताऱ्याकडच्या रानात नव्यानं मशीन घेऊन उतरणाऱ्यांसाठी तीच पद्धत इथं लिहितोय.

मशीन कुठं लावायचं, कुठं नाही

हे आधी सांगतो, कारण यात चूक झाली तर पुढच्या सरावाला अर्थ नाही. अजिंक्यतारा, सज्जनगड, वर्धनगड, प्रतापगड, कुठलाही गड असो, जुनं मंदिर, लेणं, समाधी, नदीचा जुना घाट किंवा पडका वाडा असो, तिथं मशीन न्यायचं नाही. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. प्रतापगड तर २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. कासचं पठार, सागरेश्वरचं अभयारण्य, वनखात्याची कुठलीही जमीन, तिथंही नाही. मातीत एखादी जुनी वस्तू ज्या थरात पडलेली असते त्या थरावरून अभ्यासक तिचा काळ सांगतात. आपण ती उपसून काढली की ती माहिती कायमची गेली.

खासगी रानात मालकाची परवानगी घ्या आणि मालक सोबत असतानाच खोदा. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रान स्वतःचं असलं तरीही.

मशीन घेतल्याचं गावात कळलं की गुप्तधनासाठी बोलावणारे येतात, कधी मांत्रिकासोबत येतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला आणि गुप्तधनाच्या नावावर चालणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं त्यापायी जीव गमावलाय, हे तरी आपण विसरू नये.

मग काम उरतं कुठलं? भरपूर. भांगलताना पडलेली कुडी, रोटाव्हेटरचा निखळलेला बोल्ट, मोटारीच्या पेटीची किल्ली, पायातून निसटलेलं जोडवं. आणि गोठ्यापुढची जागा. तारेचा तुकडा वैरणीतून जनावराच्या पोटात गेला की तो जाळीदार पोटात अडकतो. ते पोट हृदयाच्या अगदी जवळ असतं, तार आरपार गेली की गाय-म्हैस हातची जाते. कडबा रचायच्या आधी ती जागा मशीननं साफ करून द्या. सराव होतो आणि दावणीचं भलं होतं.

मोबाईल लावायची जागा

महागडा कॅमेरा नको. आहे तो मोबाईल आणि दोन-अडीचशे रुपयांचा ट्रायपॉड पुरतो. नसेल तर बांधावरच्या दगडाला टेकवून ठेवा. मोबाईल आडवा धरा. लेन्स साधी वापरा, जास्त जागा मावते म्हणून वाइड लेन्स लावू नका. वाइडमध्ये कडेच्या रेघा वाकतात आणि आपल्याला नेमकं फेराच्या, म्हणजे कॉइल एकदा या बाजूकडून त्या बाजूला फिरवण्याच्या, कडेला काय होतं तेच बघायचंय.

मोबाईल जमिनीपासून घोट्याएवढ्या उंचीवर ठेवा. पहिल्या वेळी सगळे छातीच्या उंचीवर लावतात, मीही लावला होता. वरून बघितलं की कॉइल जमिनीला चिकटलेलीच दिसते. खालून, जमिनीच्या पातळीवरून बघितलं की कॉइलखालची फट दिसते, आणि आपल्याला ती फटच मोजायचीय.

मोबाईल मशीनपासून निदान दोन-तीन मीटर लांब हवा. खिशात तर अजिबात ठेवू नका. कॉइल स्वतः एक बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, जमिनीतल्या धातूत त्यानं बारीक प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचा परतावा मशीन ऐकतं. तो परतावा इतका नाजूक असतो की जवळच्या मोबाईलनं मशीन उगाचच कुरकुरायला लागतं. डीपी, डोक्यावरून गेलेली लाईन, चालू मोटारीची केबल, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, या सगळ्यांनी तेच होतं. सरावाची जागा त्यांच्यापासून लांब निवडा.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरची. ऊन तिरपं असलं की कॉइलची सावली जमिनीवर लांब पडते. कॉइल खाली असेल तर सावली तिच्या कडेला चिकटून राहते. कॉइल उचलली गेली की सावली सुटून बाजूला सरकते. उंचीतला जो बारीक फरक नुसत्या नजरेला कळत नाही, तो ही सुटलेली सावली लगेच दाखवते. भर दुपारी शूटिंग केलं तर ही सोय जाते.

शेजारच्या रानात बायका काम करत असतील तर मोबाईलचं तोंड तिकडं नको. त्यांना आधी सांगा, हवं तर दाखवा.

सरावाची पट्टी

कापणी झालेल्या सपाट तुकड्यात १० मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद पट्टी आखा. कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी फक्की टाकली की कॅमेऱ्यात रेघ ठळक दिसते. आधी मशीन फिरवून पट्टीतले खिळे, तारा, गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टाका. मग दर मीटरवर दोन्ही कडांना बांबूची एकेक काडी रोवा आणि काडीवर दर ५ सेंटीमीटरला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा. या काड्या म्हणजे तुमची फूटपट्टी. क्लिप थांबवून बघितलं की कॉइल पहिल्या टेपखाली आहे की तिसऱ्या टेपला गेली, ते दिसतं.

पट्टीत वस्तू पुरा. एक चांदीचं जोडवं, एक पितळी वॉशर, एक वाकडा खिळा, सोडावॉटरच्या बाटलीचं बूच. खोली ५, १० आणि १५ सेंटीमीटर. जागा वहीत लिहा, नाहीतर जोडवं कायमचं तिथंच राहील.

नाण्यांबद्दल एक. बरेच जण खिशातला रुपया पुरून मशीन तपासतात आणि मशीन त्याला लोखंड म्हणतं म्हणून हवालदिल होतात. मशीनचं बरोबर आहे. हल्लीची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असतात. चुंबक लावून बघा. त्याऐवजी पिवळं, निकेल-पितळेचं पाच रुपयांचं नाणं पुरा. त्यालाही चुंबक लावून खात्री करा, कारण मध्यंतरी पाचचं नाणंही स्टीलचं निघालं होतं.

आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको तो धातू गाळायची सोय, सरावात जवळजवळ बंद ठेवा. लहानसं पातळ सोनं मशीनच्या धातू ओळखायच्या मापावर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाच्याच आसपास येतं. गोळ्यांच्या पाकिटाचा त्रास नको म्हणून तो भाग गाळला, तर कुडी आणि वाटीही गाळली जाते.

पहिली क्लिप: उंची

तीन मिनिटांची क्लिप पुरे. अर्धा तास शूट केलेलं कुणी परत बघत नाही. मोबाईल पट्टीच्या टोकाला, तुमच्याकडं तोंड करून ठेवा. नेहमी फिरता तसंच फिरा, कॅमेऱ्यासाठी नीट फिरू नका.

घरी जाऊन क्लिप बघताना आधी आवाज बंद करा. फक्त कॉइलकडं बघा. पहिल्या क्लिपमध्ये माझी कॉइल मधोमध अगदी छान, दोन बोटांवरून जात होती. डावीकडं दुसऱ्या टेपला पोचत होती आणि उजवीकडं तिसऱ्याच्याही वर. पाळण्याला झोका दिल्यावर तो दोन्ही कडांना उचलतो, तशी. हात खांद्यातून फिरतो, खांदा हा खिळा आणि हात ही दोरी, म्हणून कडेला कॉइल वर जाणारच. अंतर वाढलं की सिग्नल त्याच प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट झपाट्यानं पडतो. कडेला १५ सेंटीमीटर वर गेलेली कॉइल म्हणजे त्या कडेला शोध झालाच नाही असं धरा. हळदीच्या रानात मी नेमकं हेच केलं होतं.

यावर उपाय म्हणजे गवंड्याचा हात. भिंतीला गिलावा करताना गवंडी रंधा कसा फिरवतो ते आठवा. रंधा भिंतीपासून सुटत नाही, कारण तो मनगटानं फिरवत नाही, कंबरेपासून वळतो. कोपर अंगाजवळ ठेवा, कमरेतून थोडं वळा आणि कडेला पोचताना हात किंचित पुढं ढकला. फेर लहान करा. दोन मीटर रुंद फेर मारायच्या हौसेपायीच कॉइल उचलली जाते. सव्वा मीटर पुरे.

दांड्याची लांबीही क्लिपमध्येच बघा. पाठ वाकलेली दिसली तर दांडा आखूड आहे. कॉइलची पुढची कड उचललेली किंवा टेकलेली दिसली तर दांडा किंवा कॉइलचा कोन चुकलाय. ताठ उभं राहून, हात सैल सोडून, कॉइल जमिनीला समांतर बसली पाहिजे. उंच माणसाकडून मशीन मागून आणलं असेल तर हे हमखास चुकतं.

दुसरी क्लिप: मोजणी

माझी सगळ्यात मोठी चूक इथं सापडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोबाईल आता पट्टीच्या बाजूला ठेवा, सगळी १० मीटरची पट्टी दिसेल इतका लांब. फिरा. घरी क्लिप बघताना कागदावर एकेक रेघ मारत फेर मोजा. डावीकडून उजवीकडं एक, उजवीकडून डावीकडं दुसरा.

माझी कॉइल ११ इंची, म्हणजे २८ सेंटीमीटर. प्रत्येक फेर आधीच्या फेराच्या निम्म्यावर चढला पाहिजे, कारण कित्येक कॉइलची पोच खोल जाईल तशी अरुंद होत जाते, गाजर जमिनीत जावं तशी. वर २८ सेंटीमीटर रुंदी मिळते, वीतभर खाली तेवढी मिळत नाही. निम्म्यावर चढायचं म्हणजे दर फेराला १४ सेंटीमीटर पुढं. १० मीटरला साधारण ७१ फेर.

माझे ३२ भरले.

म्हणजे दर फेराला मी ३१ सेंटीमीटर पुढं सरकत होतो आणि कॉइलच २८ ची. दोन फेरांच्या मध्ये अगदी वरच्या थरातसुद्धा तीन सेंटीमीटरची पट्टी कोरी. खाली त्याहून जास्त. शिवाय चालता चालता फेर मारले की जमिनीवर नागमोडी माग उमटतो आणि कडेला तिकोनी तुकडे सुटतात ते वेगळेच. काकूंच्या सात सऱ्या मी "फिरून काढल्या" म्हणालो होतो. निम्म्याही काढल्या नव्हत्या.

हे आकडे स्वतःच्या कॉइलसाठी काढा. कॉइलची रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा, निम्मी करा, १००० ला त्यानं भागा. आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढं दर आठवड्याला एक क्लिप घेऊन फेर मोजा आणि तारखेपुढं लिहित जा. माझे ३२ चे ४५ झाले, मग ५८, आणि तिथंच बरेच दिवस अडकले. शेवटी पावलामुळं हे होतंय असं लक्षात आलं. मी चालताना फेर मारत होतो. आता पाय जागेवर ठेवून दोन फेर मारतो, मग अर्धं पाऊल सरकतो.

याच क्लिपवरून वेगही मिळतो. क्लिपची वेळ भागिले फेर. माझ्या मशीनला सव्वा मीटरच्या फेराला दोन सेकंद मानवतात. तुमच्या मशीनला किती मानवतात ते पुरलेल्या जोडव्यावर बघा. जोडव्यावरून भरभर फिरवा, मग सावकाश, मग फारच सावकाश. बहुतेक मशीनना कॉइल हलती लागते. घाई केली तर बारीक सिग्नल निसटतो, फारच रेंगाळलात तरी तो दबतो. मधला वेग क्लिपमध्ये धरून ठेवा आणि नंतरच्या क्लिप त्याच्याशी ताडून बघा.

आता हिशोब करा. ७१ फेर गुणिले दोन सेकंद, म्हणजे १० मीटरच्या एका पट्टीला जवळजवळ अडीच मिनिटं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १० मीटर बाय १० मीटर. कडा एकमेकींवर चढवत गेलं की अशा दहा पट्ट्या. गुंठ्याला पंचवीसेक मिनिटं, तीही न खोदता. एकराला १६ तास. म्हणून कुणी "रानात कुठंतरी पडलंय" म्हणालं की लगेच मशीन चालू करू नका. बसा, पाणी प्या, विचारा. त्या दिवशी कुठल्या सरीपासून लागलात? न्याहारीला कुठं बसलात? शेवटचं अंगावर कधी बघितलं? एकराचे दोन गुंठे झाले की मगच नीट शोध होतो.

तिसरी क्लिप: आवाज

या वेळी हेडफोन काढा आणि मशीनचा स्पीकर मोठा करा, म्हणजे आवाज क्लिपमध्ये येईल. घरी आधी डोळे मिटून ऐका. जिथं आवाज आला तिथली वेळ लिहा. मग चित्र बघा, त्या क्षणी कॉइल कुठं होती?

खऱ्या वस्तूचा आवाज जाताना आणि येताना त्याच जागी येतो, आणि काटकोनात फिरून आडवा फेर मारला तरी तिथंच. एकाच दिशेला येतो, फेराच्या टोकालाच येतो किंवा कॉइल ढेकळाला आपटली तेव्हाच येतो, तो धरू नका. रानात हा फरक कळत नाही, कारण आवाज आला की आपण लगेच थबकतो. क्लिपमध्ये चांगला कळतो.

एका क्लिपमध्ये माझं मशीन दर फेराला उजव्या टोकाला टूं करायचं. आठ दिवस मी जमिनीला दोष देत होतो. मग क्लिप थांबवून थांबवून बघितली. उजव्या बाजूला कमरेला खुरपं खोचलेलं होतं आणि फेर संपताना कॉइल पायाजवळ येऊन त्याच्या टप्प्यात शिरत होती. त्यानंतर अंगावरचं सगळं तपासलं. हातातलं कडं, पट्ट्याचं बक्कल, सेफ्टी बुटाच्या पुढच्या भागातलं पोलाद. माती टाकायला घमेलंही प्लास्टिकचं घेतलं.

कॉइलची वायर दांड्यावर घट्ट गुंडाळलीय का तेही याच क्लिपमध्ये बघा. कॉइलजवळ वायर लोंबकळत असेल तर ती हलेल तसं मशीन बरळतं.

सरीतला फेर

सपाट पट्टीवर हात बसला की खऱ्या रानात जा, आणि तिथं पहिल्यांदा निराशच व्हाल. कारण आपली रानं सपाट नसतात. ऊस, हळद, भाजी, सगळीकडं सरी आणि वरंबा. आडवा फेर मारला तर कॉइल वरंब्यावरून दोन बोटांवर जाते आणि सरीच्या तळापासून वीतभर वर राहते. आणि पडलेली वस्तू पाण्यासोबत घरंगळून तळालाच जाते.

म्हणून सरीला लांबीच्या दिशेनं काम करा. आधी एक वरंबा, मग सरीचा तळ, मग वरंब्याच्या दोन उतरत्या बाजू कॉइल तिरपी धरून. लहान, पाच-सहा इंची कॉइल मिळाली तर घ्या, सरीत ती छान उतरते. मोबाईल सरीच्या तोंडाला, अगदी जमिनीवर टेकवून ठेवा. क्लिपमध्ये सरी नळीसारखी दिसते आणि कॉइल कुठल्या बाजूला चिकटतेय, कुठली बाजू सुटतेय ते स्पष्ट कळतं. माझी डावी उतरती बाजू कायम सुटायची, कारण मी उजव्या हातानं मशीन धरतो. त्या बाजूसाठी आता मी सरी उलटीकडून परत चालतो.

उसात पाचट पडलेलं असेल तर ते आधी बाजूला ओढा. पाचटाचा जाड थर म्हणजे तेवढी खोली फुकट गेली. तासगाव-पलूसकडं द्राक्षबागेत लोखंडी अँगल आणि तारा यांच्यामुळं मोठी कॉइल चालतच नाही. तिथं लहान कॉइल आणि कमी सेन्सिटिव्हिटी, आणि अँगलच्या बुडाशी हातानंच माती चाळायची.

जमीन बदलली की

आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची. त्यात लोहाचे चुंबकी कण असतात. म्हणून ग्राउंड बॅलन्स केल्याशिवाय मशीन जमिनीलाच धातू समजतं. बिनधातूच्या जागी कॉइल वर-खाली पंप करून जमिनीचा आवाज शांत करायचा, तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत पद्धत असेल. कृष्णाकाठची मळीची जमीन, काळं रान, खानापूर-आटपाडीकडचा मुरमाड माळ, महाबळेश्वर-पाचगणीकडची तांबडी जांभ्याची माती, प्रत्येकीचा बॅलन्स वेगळा. एकाच गावात कॅनॉलच्या खालचं आणि वरचं रान वेगळं असतं. क्लिपच्या सुरुवातीला बॅलन्स करतानाचं शूटिंग ठेवा, म्हणजे आठवड्यानं बघताना कुठल्या जमिनीवर काय केलं होतं ते आठवतं. काही काळे दगडही टूं करतात. दगड बाजूला उचलून ठेवा आणि परत फिरवा, आवाज दगडासोबत गेला तर सोडून द्या.

खोदतानाची क्लिप

खोदायची क्लिप एकदाच घ्या, पण नक्की घ्या. आवाजाच्या जागी कॉइलनं फुली मारायची, उभा फेर आणि आडवा फेर, जिथं दोन्ही मिळतात तिथं काडी रोवायची. मग क्लिपमध्ये बघा, काडी आणि वस्तू निघाली ती जागा यांत किती अंतर होतं. माझं सुरुवातीला पाऊण वीत असायचं आणि सगळं एकाच दिशेला, माझ्याकडं. म्हणजे मी कॉइलचा मध्य चुकीचा धरत होतो.

खुरप्यानं थेट काडीवर घाव घालू नका, पातळ वाटी त्यानं दुमडते. चार बोटं बाजूनं माती सोडवा, घमेल्यात घ्या आणि घमेल्यावरून मशीन फिरवा. वस्तू निघाली तरी खड्ड्यावरून परत एकदा फिरवायचं. हे मी विसरतो हे मला क्लिपमुळंच कळलं, तीनपैकी दोनदा विसरलो होतो. कुडीची एक बाजू मिळते आणि फिरकी खाली राहते ती अशीच. मग खड्डा बुजवा, पायानं दाबा, पिकाच्या मुळाशी उघडं काही ठेवू नका.

कुणासाठी शोधत असाल तर त्या शोधाचीही क्लिप ठेवा. यंदा भुईमुगाच्या रानात एका वहिनींची कुडी पडली म्हणून बोलावणं आलं. विचारपूस करून दोन गुंठे ठरले. तासभर लागला, काही मिळालं नाही. रात्री क्लिप बघितली तर सहाव्या पट्टीत, बांधाजवळ, माझी कॉइल दुसऱ्या टेपइतकी उचललेली दिसली. सकाळी जाऊन तेवढी पट्टी परत केली. नव्हतीच. घरातली मंडळी वेल उपटून माती चाळायला निघाली होती, शेंगा अजून भरायच्या होत्या. "उपटू नका, इथं नाही," म्हणून सांगितलं आणि क्लिप त्यांना दाखवली. चौथ्या दिवशी फोन आला. कुडी धुण्याच्या पिळ्यात, पदराच्या गाठीत होती.